चिखल जिंकला तो टायरमधल्या हवेने

लष्करी ट्रक म्हटला की पहिला प्रश्न अश्वशक्तीचा येतो. सोव्हिएत झिल-१५७ पाहिल्यावर हा प्रश्न दुय्यम ठरतो. मॉस्कोच्या ज्या कारखान्यात तो घडला, तिथूनच १९४८ साली त्याचा पूर्वज झिस-१५१ बाहेर पडला होता. तीन आस, तिन्हींना इंजिनाचा जोर, मागे जोडटायर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पुरवलेल्या स्टुडबेकर ट्रकची छाप उघड दिसत होती. पक्क्या रस्त्यावर जोडटायर ओझे छान पेलतात. पण रशियात वसंतात बर्फ वितळतो, शरदात पाऊस लागतो आणि कच्चे रस्ते चिखलात बुडतात. तिथे पुढच्या एकेरी चाकाने पाडलेल्या चाकोरीत मागची जोडी मावत नाही. तिला आपली वाट नव्याने कापावी लागते आणि इंजिनाचा बराचसा जोर त्यातच खर्ची पडतो. १९५८च्या झिल-१५७मध्ये इंजिन ९२वरून जेमतेम १०४ अश्वशक्तीवर गेले आणि आडरानातला भार अडीच टनच राहिला. बदलली ती चाके: सहाही एकेरी, रुंद टायरची, पुढची-मागची एकाच रेषेत धावणारी. शिवाय चालकाला जागेवरूनच टायरमधली हवा कमी-जास्त करता येऊ लागली. हवा उतरवली की टायर पसरतो, तेच वजन जास्त जमिनीवर विभागले जाते आणि चाक रुतत नाही. गोळीने भोक पडले तरी कॉम्प्रेसर हवा भरत राहतो, हा वरचा फायदा.

कोणी म्हणेल, ही युक्ती उसनी आहे. आहेच, अमेरिकेच्या डक या उभयचर वाहनात ती महायुद्धातच होती. पण तिथे ती किनाऱ्यावरच्या वाळूसाठी होती, सोव्हिएत अभियंत्यांनी ती सैन्याच्या रोजच्या मालवाहू ट्रकला बसवली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाडी पेट्रोल ढोसायची, आणि सुकाणूला हायड्रॉलिक मदत नसल्याने चालकाच्या खांद्यांची परीक्षा व्हायची (बहुधा आराखडा काढणाऱ्याला ती कधी हाकावी लागली नसावी). पण हे दोष सोसण्याजोगे होते; ऐन वेळी दारूगोळा चिखलात अडकणे नव्हे. पुढे १५० अश्वशक्तीचा झिल-१३१ आला. त्याने सुकाणू हलके केले, पण एकेरी चाके आणि हवेची यंत्रणा तशीच ठेवली. चीननेही याच झिल-१५७वरून आपला जिएफांग सीए-३० बेतला. आणि झिल-१३१ आल्यानंतरही जुन्या १५७चे उत्पादन थेट नव्वदच्या दशकापर्यंत चालू राहिले.