रिमोटचा संदेश नेमका कुठे अडतो?

कोकणातल्या आचरा गावच्या जुन्या कौलारू घरांत उजेडासाठी कौलांमध्ये एखादी काच बसवलेली असते. तिच्यातून येणारा उन्हाचा पट्टा दिवसभर घरात सरकत राहतो. तो नेमका रिमोटच्या रिसीव्हरवर आला की रिमोट ऐकेनासा होतो. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकाला इन्फ्रारेड रिसीव्हर आणि संदेश पाठवणारा एलईडी जोडून एसी, पंखा किंवा सेट-टॉप बॉक्स चालवू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बिघाड झाला की संशय आधी सॉफ्टवेअरवर जातो. एलआयआरसी हा लिनक्सवरचा रिमोट ओळखणारा प्रोग्राम काढून पुन्हा बसवला जातो आणि संध्याकाळ वाया जाते.

बटण दाबल्यावर संदेश पाच टप्पे ओलांडतो: रिमोटचा एलईडी, मधली हवा, रिसीव्हर, लिनक्सचा कर्नल आणि शेवटी एलआयआरसी. तपास याच क्रमाने करावा.

पहिला टप्पा रिमोटचा. त्याचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र तो पुष्कळदा दिसतो. सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला, तर रिमोट ठीक आहे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत सेलच्या स्प्रिंगवर गंज लवकर चढतो. ठिपका दिसला नाही, तर आधी त्या स्प्रिंगा घासून पुसाव्यात.

दुसरा टप्पा हवेचा आणि उन्हाचा. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड भरपूर असते. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी फ्लॅश-मॅटिक हा बिनतारी रिमोट बनवला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांतल्या प्रकाशग्राहकांवर झोत मारायचा, अशी ती योजना होती. पण साध्या उन्हानेही तो टीव्ही फसत असे. आजचा रिमोट यावर तोड म्हणून आपला प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकवतो आणि रिसीव्हर तेवढ्याच गतीचा प्रकाश वेचतो. तरीही रिसीव्हरवर थेट ऊन पडलं, तर त्या झगझगाटात रिमोटचा क्षीण संदेश बुडतो आणि त्याचा पल्ला घटतो. दुपारी न चालणारा रिमोट सांजवेळी चालत असेल, तर रिसीव्हरची जागा बदला. तिथे दुसरा उपाय लागत नाही.

तिसरा टप्पा रिसीव्हरचा आणि त्याच्या तारांचा. रिसीव्हरला तीन पाय असतात आणि त्यांचा क्रम मॉडेलनुसार बदलतो, म्हणून त्याचं माहितीपत्रक पाहूनच जोडणी करावी. त्याला ३.३ व्होल्टच द्यावेत. ५ व्होल्ट दिले, तर बाहेर पडणारा संदेशही तेवढ्या दाबाचा येतो आणि पायची पिन जळू शकते. पिनांच्या क्रमांकांतही घोटाळा होतो. बोर्डावर मोजताना १२ वी येणारी पिन म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत जीपीआयओ १८. बोर्डावरची १८ वी पिन मात्र जीपीआयओ २४ असते.

चौथा टप्पा कर्नलचा, आणि सर्वाधिक वेळ इथेच जातो. जुन्या पुस्तिकांत ‘एलआयआरसी-आरपीआय’ हा ड्रायव्हर चालू करायला सांगितलेलं असतं. पायच्या कर्नलच्या ४.१९ या आवृत्तीपासून तो निघून गेला आणि त्या जागी ‘जीपीआयओ-आयआर’ आला. संदेश पाठवण्यासाठी ‘जीपीआयओ-आयआर-टीएक्स’ वेगळा आहे. या ड्रायव्हरांच्या ओळी ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये लिहायच्या असतात. पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०२३ पासूनच्या बुकवर्म आवृत्तीत ती फाइल ‘बूट’ फोल्डरमधल्या ‘फर्मवेअर’मध्ये गेली आहे. दोन्ही ड्रायव्हर मुळात जीपीआयओ १८ हाच क्रमांक धरून चालतात, त्यामुळे दोन्ही वापरताना एकाला वेगळी पिन नेमून द्यावी लागते.

यात आणखी एक गुंता आहे. घेणारं आणि पाठवणारं अशी दोन्ही उपकरणं जोडली की लिनक्स त्यांना ‘एलआयआरसी ०’ आणि ‘एलआयआरसी १’ ही नावं देतो. कोणाला कोणतं नाव मिळेल, हे ड्रायव्हर ज्या क्रमाने जागे होतात त्यावर ठरतं. त्यामुळे वीज जाऊन आली की नावांची अदलाबदल होऊ शकते. पावसाळ्यात वीज जाणं आपल्याला नवं नाही. सगळा गाव वेशीबाहेर राहायला जातो त्या गावपळणीला तर आचऱ्यातली घरं तीन दिवस तीन रात्री रिकामी असतात. निघताना मेन स्विच बंद केला असेल, तर परतल्यावर कालपरवापर्यंत चाललेली यंत्रणा कुणी हात न लावता बिघडलेली दिसेल. लिनक्समध्ये उपकरणांची नावं सांभाळणाऱ्या ‘यूडेव्ह’चा नियम लिहून दोन्ही उपकरणांना कायमची नावं दिली की हा प्रश्न मिटतो.

पाचवा टप्पा एलआयआरसीचा. त्याची सेवा थांबवून ‘मोड२’ ही आज्ञा चालवा आणि बटण दाबा. प्रकाश किती मायक्रोसेकंद होता आणि किती वेळ नव्हता, याचे आकडे पडद्यावर येतील. एनईसी या संकेतपद्धतीच्या रिमोटमध्ये सुरुवातीला सुमारे ९,००० मायक्रोसेकंद प्रकाश, मग ४,५०० मायक्रोसेकंद अंधार असतो. पुढे ३२ बिट येतात. प्रत्येक बिटात ५६० मायक्रोसेकंदांचा प्रकाश, मग शून्यासाठी तेवढाच आणि एकासाठी सुमारे १,६९० मायक्रोसेकंदांचा अंधार असतो. असे आकडे दिसले, की पहिले चार टप्पे निर्दोष आहेत. मग एलआयआरसीच्या पर्यायांच्या फाइलमध्ये ड्रायव्हर ‘डेव्हइनपुट’ राहिला आहे का ते पाहा. तिथे ‘डीफॉल्ट’ लिहावं लागतं. त्यानंतर रिमोटची बटणं नोंदवलेली फाइल तपासा.

एसीचा रिमोट निराळा असतो. तो एका बटणाचा संकेत न पाठवता तापमान, पंख्याची गती आणि मोड अशी सगळी स्थिती दर वेळी पाठवतो. म्हणून प्रत्येक स्थितीचा संदेश कच्च्या आकड्यांतच साठवावा.

शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा आयटीआयमध्ये हा प्रयोग जरूर करावा. न दिसणारा प्रकाश आकड्यांत पकडता येतो, हे मुलांना स्वतःच्या हातांनी पाहता येईल. रिमोट नीट चालत असतानाच ‘मोड२’चे आकडे वहीत उतरवून ठेवा. पुढे बिघाड झाला, तर ताडून पाहायला तेच उपयोगी पडतील. आकडे जुळले तर फाइल तपासा, आकडेच आले नाहीत तर सेल, ऊन, तार आणि ड्रायव्हर तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिचीही नोंद ठेवा.