टॅबला नाव हवं

सकाळी 9. माधवनगरात शेजारच्या शेडमधले यंत्रमाग केव्हाच सुरू झालेत. मी सुताच्या पेढीत डेस्कटॉप लावतो. मशीन जुनं, म्हणून त्यावर लिनक्सची हलकी आवृत्ती, झुबंटू. काल टर्मिनलच्या, म्हणजे कमांड द्यायच्या, चार खिडक्या एकमेकांवर पसरल्या होत्या. त्या गर्दीत चाचणीच्या डेटावर द्यायची कमांड मी खऱ्या बिलांवर दिली. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. आज आधी ही गर्दी आवरायची, बाकी सगळं नंतर.

9.30. टर्मिनल उघडलं. 80 अक्षरं रुंद, 24 ओळी. हे माप 1978 च्या व्हीटी-100 पासून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं की त्याच खिडकीत नवा टॅब. असे चार केले. ऑल्टबरोबर 1 दाबलं की पहिला, 4 दाबलं की चौथा.

10.15. आता नावं. टॅबवर उजवी क्लिक, 'सेट टायटल'. बिलं, शिल्लक, बॅकअप, चाचणी. वरच्या पट्टीवर 'शिल्लक' सुरेख उमटतं. तोच शब्द आत टाइप केला तर जोडाक्षर फुटतं: एक पायमोडका ल, शेजारी दुसरा ल. टर्मिनल अक्षरं ठरावीक रुंदीच्या चौकोनांत बसवतं, आणि आपलं जोडाक्षर त्यात बसत नाही. मराठीत हिशेब ठेवणाऱ्याला हे बोचतं. निदान नावं तरी मराठीत राहिली.

बिलं आणि चाचणी मुद्दाम दोन टोकांना ठेवले. घाईत बोट शेजारच्या आकड्यावर पडतं, टोकाच्या नाही.

12. चारही टॅब नावांसकट उघडतील अशी एक ओळ फाइलीत लिहिली आणि ती मशीन सुरू होताना चालेल असं केलं. बॅकअपच्या टॅबला 'होल्ड' लावला, म्हणजे काम संपलं तरी टॅब मिटत नाही, शेवटची ओळ वाचता येते.

2.20. मागांची खडखड एकदम थांबली; वीज गेली. यूपीएसवर मशीन नीट बंद केलं. पाऊण तासानं वीज आली, मशीन सुरू केलं, आणि चारही टॅब आपापल्या जागी हजर.

5. नोंदी करणारा पोरगा विचारतो, "दादा, मी चाचणीतच आहे ना?"

"वरचं नाव वाच."

"बिलं लिहिलंय."

"मग ऑल्ट-4 दाब."

7.10. तिसऱ्या टॅबमध्ये बॅकअप पुरा झाल्याची ओळ आली.