गाठ, अर्बुद आणि कर्करोग : रिपोर्टवरील शब्दांची ओळख

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ पत्नीच्या डोक्याच्या एमआरआयचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. त्यावर ‘मेनिंजिओमा’ असा शब्द होता. दवाखान्यात गर्दी होती. मी एवढेच म्हणालो, ‘डोक्यात गाठ आहे, सोलापूरला दाखवा.’ घरच्यांनी गाठ म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे शेवट असे धरले. रिपोर्ट कपाटात गेला. आठ महिन्यांनी बाई आल्या तेव्हा एका डोळ्याची दृष्टी गेली होती. गाठ साधी होती, शस्त्रक्रियेने निघाली. दृष्टी परत आली नाही. तो शब्द समजावून सांगायला मला पाच मिनिटे पुरली असती. ती पाच मिनिटे आज आपल्याला देतो.

आपल्या सीमाभागात शब्दांचा घोटाळा अधिकच. आपण ‘गाठ’ म्हणतो, कन्नड डॉक्टर ‘गड्डे’ म्हणतात (बटाटाही आलूगड्डेच!), आणि रिपोर्टवर असते ‘ट्यूमर’. लॅटिनमध्ये ट्यूमर म्हणजे नुसती सूज. सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद यांचे वेगवेगळे वर्णन आहे. त्यातला ‘अर्बुद’ हा शब्द मराठी परिभाषेने ट्यूमरसाठी घेतला. अर्बुद म्हणजे पेशींची गरज नसताना झालेली वाढ. ती साधी की मारक, हे या शब्दावरून कळत नाही.

ते पुढच्या शब्दावरून कळते. ‘बिनाईन’ म्हणजे साधे अर्बुद : सहसा हळू वाढते, जागा सोडत नाही. ‘मॅलिग्नंट’ म्हणजे मारक : शेजारच्या भागात घुसते, रक्तातून व लसिकेतून दूर जाते. हाच कर्करोग. ग्रीक वैद्यांना त्यात खेकडा दिसला, म्हणून कर्क. प्रत्येक अर्बुद कर्करोग नसतो आणि प्रत्येक कर्करोगात गाठ नसते. रक्ताच्या कर्करोगात बहुधा ती नसतेच.

कर्करोग मूळ जागेहून दुसरीकडे रुजला तर ‘मेटास्टेसिस’ म्हणतात. स्तनाचा कर्करोग मेंदूत गेला तरी तो स्तनाचाच. उपचारही त्याच्या मुळाकडे पाहून ठरतात. ‘स्टेज’ म्हणजे रोग किती पसरला. ‘ग्रेड’ म्हणजे पेशी किती बिघडल्या. मेंदूतल्या अर्बुदांना बहुधा ग्रेडच देतात, १ ते ४. तिथला ४ आणि इतर कर्करोगांतली चौथी स्टेज एक नव्हे.

मेंदूची गोष्ट आणखी निराळी. कवटी ही बंद पेटी. आत साधे अर्बुद वाढले तरी मेंदू दाबला जातो. म्हणून ‘बिनाईन’ वाचून निर्धास्त राहू नये. उलट, स्कॅनमध्ये दिसणारी प्रत्येक गाठ अर्बुदही नसते. क्षयाची गाठ असते. डुकरातल्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे होणारी सिस्टही असते. ती अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात, म्हणून आम्हा जैनांच्या शाकाहारी घरातही ती होऊ शकते. या दोन्ही गाठी बहुधा औषधांनी बऱ्या होतात.

आणखी एक शब्द, ‘कर्करोगपूर्व अवस्था’. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटात एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली जगाने याची दखल घेतली. त्या स्त्रिया आपल्यासारख्याच खेड्यांतल्या होत्या.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. गाठ कसली, हे माझ्या गोळ्या सांगत नाहीत. ते ‘बायोप्सी’, म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणी, सांगते. सुई लावली की रोग पसरतो या भीतीने ती टाळू नका. त्यासाठी मुंबईच गाठावी लागते असेही नाही. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, कलबुर्गीला किदवाई संस्थेचे केंद्र आहे.

मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली, सकाळी डोके दुखून उलटी होऊ लागली, नजर, बोलणे किंवा हातपाय बिघडले, तर थांबू नका. रिपोर्ट हाती आला की डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : हे अर्बुद आहे का? साधे की मारक? मूळ कुठले? ग्रेड किंवा स्टेज कोणती? उत्तरे मराठीत लिहून घ्या. डॉक्टर घाईत असले तरी विचारा. त्या दिवशी मीही घाईतच होतो.