थकलेली लेखणी

विद्वान माणसाची लेखणी अडली की आपण त्याला विश्रांतीचा सल्ला देतो. पण निव्वळ विश्रांतीने ती चालू लागतेच असे नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे.

वेबरचा जन्म १८६४चा. तिशीतच तो प्राध्यापक झाला आणि १८९६मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकपदी त्याची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी वडिलांशी कडाक्याचे भांडण झाले आणि थोड्याच दिवसांत वडील वारले. त्यानंतर हा माणूस कोसळला. झोप उडाली, व्याख्याने थांबली, लेखन-वाचनही बंद पडले. उपचार झाले, इटलीचा प्रवास झाला. अखेर १९०३ साली त्याने प्राध्यापकपद सोडले. त्याच वर्षी त्याचे नवे लेखन छापून येऊ लागले, आणि १९०४-०५मध्ये ज्या प्रबंधाने त्याचे नाव जगभर झाले, तो ‘प्रॉटेस्टंट एथिक’ एका नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला.

आता या प्रबंधाचा विषय पाहा. काम हेच कर्तव्य, हा ध्यास माणसाच्या मानगुटीवर आला कुठून? ज्या जात्यात आपण भरडलो, त्या जात्याचाच इतिहास त्याने शोधायला घेतला, असे मला वाटते. थकवा त्याने झटकला नाही. त्यालाच प्रश्न विचारला.

आपल्याकडचे प्राध्यापक आज वेगळ्या जात्यात आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली ‘एपीआय’ची गुणपद्धती आणली. शोधनिबंधाला गुण आणि गुणांवर बढती! बँकेत आम्ही मार्चअखेर ठेवींचे ‘टार्गेट’ गाठायचो आणि एक एप्रिलला पाटी पुन्हा कोरी व्हायची. त्यामुळे हा शीण मला ओळखीचा वाटतो. हिशेब ठेवण्यात गैर काही नाही. पण हिशेबासाठीच लिहिणे सुरू झाले की मूळ कुतूहल मागे पडते. माझे एक प्राध्यापक स्नेही म्हणतात, “निबंध बावीस झाले, पण त्यांतला माझा प्रश्न कोणता, ते मला सांगता येत नाही.”

राजीनामा सर्वांना परवडत नाही. वेबरचे घराणे सधन होते. इथे घराचे हप्ते असतात. शिवाय त्याचे दुखणेही पुरते गेले नाही. नियमित अध्यापनाकडे तो वळला, तो थेट १९१८ नंतर. खरा आजार असेल तर डॉक्टरच गाठायला हवा.

पण नोकरी न सोडताही एक गोष्ट करता येते. ज्याला गुण मिळणार नाहीत, पण ज्याचे उत्तर आपल्याला स्वतःला हवे आहे, अशा एका प्रश्नावर रोज अर्धे पान लिहावे. ते कुणाला दाखवू नये, कुठल्या अहवालात नोंदवू नये. त्यातून निबंध होईल किंवा होणारही नाही. मात्र लिहिताना ‘पुढे काय?’ असे पुन्हा वाटू लागले, की लेखणी चालू झाली असे समजावे.