लेखमाला : तारीखवार यवतमाळ
जुलै : आषाढातल्या दोन तारखा

यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात जुलै महिना उघडला की दोन तारखा लगेच समोर येतात : १० जुलै १९३० आणि २१ जुलै १९३०. पहिली पुसदची, दुसरी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची. दोन्ही जंगल सत्याग्रहाच्या. मिठाचा सत्याग्रह एप्रिलमध्ये पेटला आणि गांधीजींना ५ मे रोजी अटकही झाली. मग वऱ्हाडातली ही मंडळी जुलैपर्यंत थांबली कशासाठी?

वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याकडे खारपाणपट्टा असल्याने दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडता आला. पुसद-यवतमाळकडे तीही सोय नव्हती. इथल्या शेतकऱ्याला रोज बोचणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. वऱ्हाडात सरकारने जंगलाचे अ, ब, क असे वर्ग पाडले होते आणि गवताचे राखीव रमणे वेगळे काढले होते. चराईला पैसे, सरपणावर बंधने. गुरे राखीव भागात शिरली तर थेट कोंडवाड्यात. ज्या डोंगरावर आजोबाने गुरे चारली, तिथे नातू नाकेदाराची नजर चुकवून विळा चालवत होता. आंध, गोंड, कोलाम, बंजारा अशा डोंगरकाठच्या समाजांना तर हा जाच अधिकच.

तेव्हा मोडायचा कायदा कोणता, हे ठरवायला कठीण नव्हते. पण गवत कापायचे तर आधी ते उगवायला हवे. एप्रिल-मेमध्ये इथली माळराने जळून पिवळी पडलेली असतात. जूनच्या मध्यावर मृग बरसतो आणि आषाढात रान हिरवे होते. जुलैचे उत्तर मला यातच दिसते. खरे तर साठवणीच्या गवताची कापणी दिवाळीच्या आगेमागे होते, आषाढातले कोवळे गवत कोणी गंजी लावायला कापत नाही. ही कापणी वैरणीसाठी नव्हतीच.

१० जुलैला पुसदजवळ धुंदीच्या राखीव जंगलात विळा हाती घेतला तो माधव श्रीहरी अणे यांनी. लोक त्यांना बापूजी म्हणत, पुढे ‘लोकनायक’ ही पदवी मागे लागली. वणीचा जन्म, यवतमाळला वकिली, टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. १९२० च्या असहकाराबद्दल त्यांचे मत अनुकूल नव्हते. कायदेमंडळात जाऊन सरकारशी झगडावे, हा प्रतियोगी सहकाराचा मार्ग त्यांना पटत होता. मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील १९२८ च्या घटना-समितीतही ते होते. असा घटना-कायद्याचा माणूस दिवसाढवळ्या, आधी जाहीर करून, सरकारी गवत कापतो ही मला त्या दिवसातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. गुराखी रोज चोरून करत होता तेच अण्यांनी उघड केले, आणि अटक होऊन तुरुंगात गेले.

अकरा दिवसांनी, २१ जुलैला, लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी तुकडीसह सत्याग्रह केला. नागपूरहून निघण्यापूर्वी त्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सरसंघचालकपदाची जबाबदारी डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवली होती. सत्याग्रहातला सहभाग वैयक्तिक राहावा, संघटना म्हणून नव्हे, अशी ती व्यवस्था. यावर वाद घालणारे आजही दोन्ही बाजूंना आहेत. नोंद मात्र स्पष्ट आहे : नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी अकोल्याच्या तुरुंगात भोगली. लोहारा आज यवतमाळ शहराला लागूनच आहे.

पुढे हा मार्ग सगळ्या महाराष्ट्रात गेला. सांगलीकडे बिळाशी, तर उरणजवळ चिरनेर. २५ सप्टेंबरला चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर गोळीबार होऊन माणसे मेली. म्हणूनच शाळेतल्या पुस्तकात चिरनेरला जागा मिळते आणि पुसद एका ओळीत उरकते.

जुलैची आणखी एक तारीख पुसद तालुक्याचीच आहे, ती थोडक्यात. १ जुलै १९१३ रोजी गहुली या बंजारा तांड्यात वसंतराव नाईक जन्मले. धुंदीच्या वेळी ते सतरा वर्षांचे होते. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ एवढा दीर्घकाळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले, १९७२ च्या दुष्काळाला तोंड दिले. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. पेरण्यांच्या धांदलीत तो किती शेतकऱ्यांच्या लक्षात राहतो, हा प्रश्न वेगळा.

(पुढील आठवड्यात ऑगस्ट : २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीत झालेला अण्यांचा जन्म, आणि बिहारचे राज्यपालपद भूषवूनही टिळकांचे चरित्र संस्कृत पद्यात लिहिण्याचा त्यांनी धरलेला ध्यास.)