पिजदुऱ्याचं गवत आणि डायनासोरची चित्रं

‘डायनासोर कुणी पाहिलाय? चित्रकारानं कसाही रंगवावा!’ हे वाक्य फार सहज बोललं जातं आणि प्रत्येक वेळी मला ते बोचतं. नामशेष प्राण्याचं नेकीनं काढलेलं चित्र हाडांपासून सुरू होतं. आधी सांगाडा, मग त्यावर स्नायू. स्नायू जिथे चिकटलेले असतात, तिथे हाडावर खडबडीत खुणा राहतात, त्यामुळे तेही मनाचे नसतात. मग चरबी, कातडी, पिसं. आणि मग ते चित्र जीवाश्मतज्ज्ञाकडे तपासायला जातं.

तपासणाऱ्याची नजर बहुधा आधी हातांवर जाते. दोन्ही हात पुढे करा, तळवे जमिनीकडे. सिनेमातले मांसाहारी डायनासोर असेच हात धरतात. आता टाळी वाजवण्याआधी असतात तसे तळवे समोरासमोर आणा. टी. रेक्स आणि व्हेलोसिरॅप्टरचे हात असे असायचे. त्यांच्या हाडांची जुळणीच तळवे खाली वळू देत नव्हती. शेपटी जमिनीवर फरफटत असेल, तर तीही खोडली जाते, कारण पाऊलखुणांच्या मागे शेपटीचा ओरखडा क्वचितच सापडतो.

‘पिसं आणि रंग तरी कल्पनेचेच ना?’ सरसकट नाही. व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुतल्याचे उंचवटे 2007 मध्ये दाखवले गेले. चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनासोरच्या पिसांसारख्या तंतूंमध्ये रंगकणांच्या पिशव्या टिकल्या होत्या. त्यांच्या आकारावरून शेपटीचे तांबूस पट्टे 2010 मध्ये ओळखता आले. बहुतेक प्राण्यांबाबत असा पुरावा नाही, तिथे चित्रकार आजचे नातलग प्राणी आणि अधिवास पाहून रंग निवडतो.

‘डायनासोरच्या चित्रात गवत म्हणजे घोडचूक.’ हा नियम तर खुद्द तज्ज्ञच वर्षानुवर्षं सांगत. तो बदलला आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिजदुरा गावामुळे. तिथे डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. त्यांतले सूक्ष्म वनस्पती-अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे कण दिसले. एकाहून अधिक प्रकारच्या गवतांचे! वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी हे 2005 मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे क्रिटेशियस काळाच्या अखेरीस, साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, लांब मानेचे शाकाहारी डायनासोर इथे गवतही खात होते, असा अर्थ निघाला.

याचा अर्थ त्यांच्या पायाखाली हिरवंगार कुरण रंगवावं असा नाही. त्याच गोळ्यांत इतर झाडांचेही अवशेष होते आणि गवत हा आहाराचा छोटा भाग होता. झाडाझुडपांत अधूनमधून गवताचे झुबके दाखवले, तर तपासणारा हरकत घेणार नाही. ज्युरासिक काळातल्या ब्रॅकिओसॉरसच्या पायाशी मात्र ते अजूनही चुकीचंच, कारण त्या काळातल्या गवताचा पुरावा नाही.

याच जिल्ह्यात डोंगरगावला आयसीसॉरस नावाचा डायनासोर सापडला. 1997 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, पण त्या सांगाड्यात कवटी आणि मागचे पाय नव्हते. म्हणून त्याचं चित्र काढताना ते भाग जवळच्या नातलगांकडून उसने घ्यावे लागतात, आणि कुठला भाग उसना आहे हे चित्राखाली लिहिण्याचा आग्रह तपासणाऱ्यानं धरायलाच हवा.