जुन्या जीपचा गिअरबॉक्स

इंजिनाचे तेल आपण नेमाने पाहतो. गिअरबॉक्सची आठवण मात्र गिअर खरखरू लागल्यावरच होते. तोवर दाते झिजतात आणि ऐन सुगीत गाडी दारात उभी राहते.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा. बहुतेक जुन्या जीपना गिअरबॉक्सच्या बाजूला बूच असते. ते काढल्यावर तेल भोकाच्या कडेला लागलेले दिसावे.

तेल बदलताना आधी हेच बूच सोडवा, मगच तळाचे. तेल सांडून दिले आणि वरचे बूच गंजून बसले, तर नवे भरणार कोठून?

तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजा. ओढ्यातून गाडी नेल्यावर हे जरूर पाहा. लोखंडाचे तुकडे निघाले, तर मिस्त्रीला लगेच दाखवा. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घाला.